मे महिन्यातली मोजणी

आमच्या महाविद्यालयाच्या मागच्या कुंपणालगत एक खड्डा आहे. गेल्या सहा वर्षांत त्यात चार वेळा वृक्षारोपण झाले. चारही वेळांची छायाचित्रे आमच्या हरित समितीच्या फायलीत तारखेनिशी लावलेली आहेत, आणि ती एकापुढे एक ठेवून पाहिली तर कुंपणाच्या भिंतीचा रंग आणि पाहुण्यांचे चेहरे तेवढे बदललेले दिसतात. रोपाची उंची मात्र दर वेळी सारखीच, म्हणजे गुडघ्याएवढी, कारण आधीचे रोप पुढच्या पावसाळ्यापर्यंत कधी पोचलेच नाही.

तीन वर्षांपूर्वी या समितीचे काम माझ्याकडे आले. मी पदार्थविज्ञान शिकवतो. झाडांविषयीचे माझे ज्ञान तेव्हा कुंडीतल्या तुळशीपुरते होते. पहिल्याच पाच जूनला, म्हणजे पर्यावरण दिनाला, खड्ड्यापाशी गर्दी पांगल्यावर आमचे शिपाई मामा, जे स्वतः मोहोळ तालुक्यातल्या शेतकरी घरातले आहेत, माझ्याजवळ येऊन म्हणाले, "सर, झाडं लावालाव खरं, पण सुट्टीत पाणी कोन घालनार?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढे मी जे काही शिकलो ते याच एका प्रश्नाच्या मागे लागून शिकलो, आणि आता माझे मत असे झाले आहे की सोलापुरातल्या कोणत्याही महाविद्यालयाच्या पर्यावरणविषयक कामाची परीक्षा जूनमध्ये घेऊ नये, मे महिन्यात घ्यावी.

याचे कारण शैक्षणिक दिनदर्शिकेतच आहे. १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली आणि तिच्या प्रारंभाचा दिवस म्हणून ५ जून हा जागतिक पर्यावरण दिन ठरला. त्या तारखेचा सोलापूरच्या पावसाशी काही संबंध असण्याचे कारण नव्हते. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला आहे. वर्षाकाठी साधारण ५५० मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. जूनमध्ये वळवाच्या चार सरी येतात, मातीचा वास सुटतो, मनाला उभारी येते, आणि मग जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस असा काही दडी मारतो की जूनमध्ये लावलेले रोप उघड्या मुरमात करपून जाते. आपल्याकडचा शेतकरी पिढ्यान्पिढ्या हे ओळखून आहे, म्हणून तर हा जिल्हा रब्बीचा म्हणून ओळखला जातो आणि मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी उत्तरा-हस्त नक्षत्रांच्या पावसाच्या ओलीवर उभी राहते. जे ज्वारीला कळते ते आमच्या हरित समितीला कळत नव्हते.

दुसरा घोळ सुट्टीचा. फेब्रुवारीच्या मध्यापासून ऊन तापू लागते, मार्च-एप्रिल परीक्षांच्या गडबडीत जातात, आणि पारा ४३-४४ अंशांवर पोचतो नेमक्या त्याच दिवसांत महाविद्यालयाला कुलूप असते. रोपाला सर्वांत जास्त गरज असते तेव्हा परिसरात राष्ट्रीय सेवा योजनेचा एकही स्वयंसेवक नसतो. सेवा योजनेच्या स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करावे असा नियम आहे. त्यातला एकही तास मे महिन्यात येत नाही, कारण मुले गावी गेलेली असतात आणि गावी त्यांना घरची कामे असतात. यात मुलांना दोष देण्यासारखे काही नाही.

म्हणून आम्ही दोन साध्या गोष्टी बदलल्या. पाच जूनला फक्त खड्डे घ्यायचे, म्हणजे पावसाचे पहिले पाणी त्यात मुरते आणि खत कुजते, आणि लागवड ऑगस्टअखेर ते सप्टेंबर या काळात करायची. दुसरे म्हणजे रोपे तेवढीच लावायची जेवढ्यांना उन्हाळ्यात पाणी देता येईल. हा आकडा काढायला पदार्थविज्ञानाची गरज नव्हती. एका रोपाला आठवड्याला १० लिटर पाणी धरले, तर ६० रोपांना ६०० लिटर. फेब्रुवारीच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत १६ आठवडे धरले तर ९,६०० लिटर. म्हणजे संपूर्ण उन्हाळ्याचे पाणी १०,००० लिटरच्या एका टँकरात बसते. हा हिशेब मी बैठकीत मांडला तेव्हा क्षणभर शांतता पसरली, कारण आधीच्या वर्षी आम्ही ५०० रोपे लावल्याची बातमी छापून आणली होती आणि त्यांच्या पाण्याचा विषय कोणाच्याही डोक्यात आला नव्हता.

संख्येचा मोह सुटला की मग काय लावायचे हा प्रश्न येतो, आणि इथे मला सर्वांत जास्त शिकायला मिळाले. गुलमोहर, निलगिरी, सुबाभूळ, गिरिपुष्प ही झाडे झटपट वाढतात, रोपवाटिकेत सहज मिळतात आणि छायाचित्रात हिरवी दिसतात. पण गुलमोहर मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, सुबाभूळ आणि गिरिपुष्प मध्य अमेरिकेकडचे. इथल्या पाखरांना, किड्यांना त्यांचा उपयोग बेताचाच. आपल्या कातळावरच्या उथळ जमिनीत टिकणारी झाडे कोणती, हे पाहायला कुठेही जावे लागत नाही. अक्कलकोट रस्त्याने किंवा बार्शीच्या वाटेने जाताना बांधावर न लावता उगवलेली झाडे मोजली तरी पुरे. कडुनिंब, बाभूळ, हिवर, बोर, चिंच, करंज, आपटा ही नावे मामांनी मला एका दमात सांगितली होती आणि मी ती वहीत उतरवून घेतली होती.

याहून महत्त्वाची गोष्ट मला नान्नजला गेल्यावर कळली. शहरापासून वीस-बावीस किलोमीटरवर असलेल्या त्या परिसरात माळढोक पक्ष्यासाठीचे अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले. आम्ही विद्यार्थ्यांची सहल घेऊन गेलो होतो. माळढोक काही दिसला नाही, आणि आता तो दिसणे हा दुर्मीळ योगच मानायला हवा. पण काळविटांचा कळप दिसला, चंडोल दिसले, धाविक दिसला, आणि मुख्य म्हणजे पवन्या, मारवेल, कुसळी अशा गवतांनी भरलेला मैलोगणती माळ दिसला. बसमध्ये परतताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, इथं एवढी मोकळी जागा आहे, आपण झाडं का नाही लावत?" मी स्वतः तिच्या वयाचा असतो तर हेच विचारले असते. माळरान म्हणजे पडीक जमीन, आणि पडीक जमिनीवर झाडे लावणे म्हणजे पुण्य, हे समीकरण आपल्या सरकारी कागदांतही आहे आणि आपल्या मनातही. प्रत्यक्षात माळ ही स्वतंत्र परिसंस्था आहे. माळढोक, लांडगा, काळवीट, चिंकारा यांना उघडी जागा लागते. गर्द झाडी झाली की त्यांचे घर मोडते. गवताच्या मुळांशी मातीत कर्बही साठतो, आणि तो वणव्याने सहसा नष्ट होत नाही. तेव्हा सोलापूरच्या महाविद्यालयाने 'हरित' होण्यासाठी गावाबाहेरच्या माळावर जाऊन हजार रोपे लावणे ही मदत नव्हे, नुकसानही असू शकते. झाडे रस्त्याच्या कडेला, इमारतीच्या पश्चिमेला, वाहनतळावर, मुले जिथे सावली शोधतात तिथे लावावीत, आणि माळ माळासारखाच राहू द्यावा. आमच्या खेळाच्या मैदानापलीकडचा अर्धा एकर तुकडा आम्ही असाच सोडून दिला आहे. तिथे फलक लावावा की नाही यावर बरीच चर्चा झाली, कारण नुसते गवत पाहिले की येणारा प्रत्येक पाहुणा "हे कधी साफ करणार?" असे विचारतो.

आता पाण्याविषयी. सोलापुरात राहणाऱ्याला पाण्याचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. चार-पाच दिवसांआड येणाऱ्या नळाने ते काम केव्हाच केले आहे. 'उजनी मायनसमध्ये गेली', म्हणजे उजनी धरणातला उपयुक्त साठा संपला, हे वाक्य आपल्याकडे घरातल्या लहान मुलालाही समजते. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेले होते. अशा गावात महाविद्यालयांच्या एवढ्या मोठ्या सपाट गच्च्या कोरड्या गटारांकडे पाणी वाहून लावतात याचे मला आता फार वैषम्य वाटते. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होते. गच्चीचे क्षेत्र ४,००० चौरस मीटर असेल आणि वर्षाचा पाऊस ५५० मिलिमीटर असेल तर २२ लाख लिटर. त्यातले ८० टक्के हाती लागले तरी १७ लाख ६० हजार लिटर. टँकरच्या भाषेत १७६ टँकर. हे गणित मी दर वर्षी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना फळ्यावर करायला लावतो, आणि उत्तर आल्यावर कोणीतरी ते चुकले असेल म्हणून पुन्हा करून पाहतोच.

पण गणित बरोबर असले तरी पाणी जिरवणे सोपे नाही. आपल्याखाली काळा पाषाण आहे. तो वाळूसारखा पाणी पीत नाही. वरच्या झिजलेल्या मुरमात आणि कातळाच्या भेगांमध्ये जेवढी जागा असेल तेवढेच घेतो. शोषखड्डा खणायचा म्हणून कुठेही खणला आणि खाली सलग कातळ लागला, तर पाणी जिरत नाही, डास वाढतात. आमचा पहिला शोषखड्डा असाच झाला आणि त्याविषयी आम्ही अहवालात दोन ओळी कमी लिहिल्या. दुसरा आम्ही बंद पडलेल्या कूपनलिकेशेजारी, भूगोल विभागाच्या सहकाऱ्यांना विचारून, गाळणीचे थर घालून घेतला; तो चालतो. शिवाय गच्चीच्या एका भागाचे पाणी सरळ टाकीत साठवतो, आणि त्या ६० रोपांचा टँकर आता विकत आणावा लागत नाही.

पाण्याच्या बाबतीत माझी एक फजिती सांगायलाच हवी. पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरण यंत्रातून बरेच पाणी वाया जाते, हे लक्षात आल्यावर मी मोठ्या उत्साहाने ते पिंपात साठवले आणि गच्चीवरची सौर पॅनेले त्याने धुवायला लावली. आठवडाभरात काचांवर पांढरे डाग धरले, कारण वाया जाणाऱ्या त्या पाण्यातच सगळे क्षार एकवटलेले असतात. आधीच धूळ, वर क्षार. वीजनिर्मिती वाढण्याऐवजी घटली. ज्याने आयुष्यभर विद्यार्थ्यांना विद्राव आणि बाष्पीभवन शिकवले त्याला हे आधी सुचू नये, याची गंमत प्रयोगशाळेतल्या सहायकांनी वर्षभर पुरवून घेतली. आता ते पाणी स्वच्छतागृहात वापरतो. पॅनेलांसाठी संगणक कक्षाच्या वातानुकूलन यंत्रांतून ठिबकणारे पाणी गोळा करतो; त्यात क्षार जवळजवळ नसतात. मात्र पावसाळ्यात ते भरपूर मिळते आणि मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की बादलीचा तळही झाकत नाही. म्हणजे इथेही पुन्हा मे महिनाच आडवा येतो.

विजेचा विषय मला माझा वाटतो, म्हणून त्यात मी अधिक खोलात गेलो. दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडीजवळ एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा कोळशावरचा वीजप्रकल्प आहे, आणि त्याला लागणारे पाणी उजनीतूनच येते. विजेच्या जाळ्यातल्या कोणत्या युनिटचा उगम कुठे, हे सांगता येत नाही. तरीही वर्गात मोकळा फिरत राहिलेला पंखा आणि उजनीची पातळी यांच्यात काही नाते आहे, ही कल्पना विद्यार्थ्यांच्या मनात चटकन उतरते. देशातल्या जाळ्यातल्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जुना छताचा पंखा ७५ वॉटचा, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. शंभर पंखे, रोज ६ तास, वर्षाचे २०० दिवस असा हिशेब केला, तर वर्षाला ५,४०० युनिट वाचतात आणि पावणेचार टन कार्बन डायऑक्साइड टळतो. गुडघ्याएवढ्या ६० रोपांनी एका वर्षात तेवढा शोषून घेणे शक्य नाही. तरीही पंखे बदलण्याच्या कार्यक्रमाला कोणी पाहुणा बोलावत नाही, आणि नव्या पंख्यासोबत छायाचित्र काढून घ्यावे असे कोणाला वाटत नाही.

सौर पॅनेलांबाबत सोलापूर नशीबवान आहे. १ किलोवॉटच्या पॅनेलांपासून दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात आणि त्याला साधारण १० चौरस मीटर जागा पुरते. पण पॅनेले बसवली म्हणजे आपले कर्तव्य संपले, असा समज फार आहे. आमच्याकडे पॅनेले बसल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत विजेचा वापर वाढला होता, कारण 'आता आपली वीज फुकट आहे' असे सगळ्यांनीच गृहीत धरले. आम्ही मग मीटरचा आकडा दर सोमवारी प्रवेशद्वारातल्या फळ्यावर खडूने लिहायला सुरुवात केली. त्याने काय झाले हे मी फुगवून सांगणार नाही. एवढेच की दुसऱ्या महिन्यापासून मुले शेवटचा तास संपल्यावर दिवे बंद करू लागली, आणि एकदा आकडा लिहायचा राहिला तेव्हा ग्रंथालयातल्या बाईंनी स्वतःहून आठवण केली.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी काम मात्र चुन्याचे निघाले. वरच्या मजल्यावरच्या वर्गात एप्रिलमध्ये परीक्षा देणे म्हणजे तव्याखाली बसण्यासारखे असते. गच्चीवर पांढरा लेप दिल्यावर आम्ही शेजारच्या दोन वर्गांत, एक लेपाखालचा आणि एक बिनलेपाचा, तापमापक लावून आठवडाभर नोंदी घेतल्या. दुपारी तीन वाजता फरक तीन अंशांच्या आसपास होता. युरोप-अमेरिकेतल्या विद्यापीठांनी १९९० मध्ये फ्रान्समधल्या तालुआर इथे विद्यापीठप्रमुखांनी केलेल्या जाहीरनाम्यापासून शाश्वततेच्या शपथा घेतल्या. तिथल्या परिसरांचा मोठा प्रश्न हिवाळ्यात इमारती उबदार ठेवण्याचा असतो. आपला प्रश्न उलटा आहे, म्हणून त्यांची यादी उचलून इथे चालत नाही. सोलापूरच्या हवामानकृतीची सुरुवात सावली, चुना आणि वाऱ्याची दिशा यांपासून होते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. पर्यावरण दिनाचा फ्लेक्स बंद केला. चादरी-टॉवेलांच्या गावात कापडी फलक मिळायला अडचण नसते, आणि सत्काराला पुष्पगुच्छाऐवजी टॉवेल-टोपी ही इथली जुनी पद्धत आम्ही परत आणली. उपाहारगृहात कागदी कपांऐवजी काचेचे पेले आले, ते धुवायला पाणी लागते या मुद्द्यावर वाद झाला, आणि तो अजून मिटलेला नाही. पालापाचोळा जाळणे थांबवायला दोन वर्षे लागली. दुचाकींबाबत आमच्या हातून काहीच झालेले नाही. शहर बस वेळेवर मिळत नाही तोवर विद्यार्थ्याला सायकलचे गुण सांगण्यात अर्थ नाही, विशेषतः सांगणारा स्वतः मोटारीतून येत असेल तर.

शिकवण्याचे काय, हा प्रश्न उरतोच. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरणशिक्षण सक्तीचे करण्याविषयी निर्देश दिले, आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी अभ्यासक्रम आणला. हेतू उत्तम होता. प्रत्यक्षात या विषयाचा प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतो; मी एका वर्षी 'माझ्या गावातील जलप्रदूषण' हा शब्दन् शब्द सारखा प्रकल्प अकरा वेगवेगळ्या गावांच्या नावाने तपासला आहे. नॅक या महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या निकषांमुळे हरित लेखापरीक्षण होते, त्याचाही उपयोग आहे, पण ते कागद पाहून जाते. आयोगाने पर्यावरणस्नेही परिसरासाठी जो आराखडा दिला आहे त्याचे नाव 'सतत' असे आहे. मराठी माणसाला त्या नावातच अर्थ सापडावा, आणि नेमकी तीच गोष्ट आमच्याकडून होत नाही.

आम्ही आता प्रकल्पाऐवजी नोंदवही ठेवायला लावतो. प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षभर एकच गोष्ट मोजायची: एक रोप, एक नळ, एका वर्गाचे पंखे, किंवा गच्चीवरचा पर्जन्यमापक. गुण आकड्यांच्या सातत्याला, निष्कर्षाच्या भव्यतेला नाहीत. सुट्टीतली नोंद शहरात राहणाऱ्या मुलांनी आठवड्याच्या वाटणीने करायची. यंदा ३१ मे रोजी सकाळी साडेसहाला, ऊन चढायच्या आत, मी, मामा आणि चार विद्यार्थी अशा सहा जणांनी मोजणी केली. ६० पैकी ४१ रोपे जिवंत होती. तीन रोपे शेळ्यांनी खाल्ली, दोन क्रिकेटच्या चेंडूने मोडली, सहा वाळवीने गेली, आणि उरलेल्या आठांचे पाणी ज्या आठवड्यात चुकले त्या आठवड्याच्या नोंदीपुढे माझे नाव होते.

कुंपणालगतच्या त्या खड्ड्यापाशी मामांनी पहार आणून ठेवली होती. दीड हातावर ती ठणकन वाजली. खाली सलग कातळ आहे. चार रोपे तिथे का जगली नाहीत, याचे उत्तर पाण्याशिवाय हेही होते, आणि सहा वर्षांत कोणी पहार मारून पाहिली नव्हती. त्या खड्ड्यात यंदा काही लावायचे नाही असे समितीत ठरले आहे. पाहुण्यांसोबतच्या छायाचित्रासाठी दुसरी जागा शोधण्याचे काम तीन जणांच्या उपसमितीकडे दिले आहे.